दिपालीच्या आईचा कुकर परत करा

आज दिपालीला श्रद्धांजली वाहणाऱ्यांपैकी एकाच्या रूमवर तिच्या आईचा कुकर आहे.

पाच लिटरचा. भांड्याच्या दुकानातून बुडाशी 'सौ. सुमन' असं नाव घालून घेतलेला. रोज भात लावताना ते नाव दिसत असणार.

दिपालीला जाऊन आज वर्ष झालं. सकाळपासून तिचे फोटो फिरताहेत. 'यंग फाउंडर', 'आमची प्रेरणा', खाली हात जोडलेले इमोजी. बघून डोकं फिरलं, म्हणून लिहितेय.

माहीत नसणाऱ्यांसाठी सांगते. दिपाली तेर गावची, मी ईट गावची. धाराशिवला कॉलेजला आलो आणि एका रूमवर राहिलो.

आमच्या गल्लीत सगळ्या विद्यार्थ्यांच्याच रूम. एकीकडे इस्त्री, दुसरीकडे मिक्सर, तिसरीकडे इंजिनिअरिंगच्या ड्रॉइंगचा ड्राफ्टर. आणि कुणी कुणाला ओळखत नाही.

दिपाली म्हणाली, या वस्तू गल्लीतच एकमेकांना वापरायला देऊ, त्याचं ॲप काढू. नाव ठेवलं 'उसनं'.

मी बीबीएची, म्हणून मार्केटिंग माझ्याकडं. पोस्टर, रील, लकी ड्रॉ, सगळा प्लॅन तयार.

तिचा प्लॅन एका ओळीचा होता. आधी आपण मागायचं.

"आपण देतो म्हणलं की लोकं लाजत्यात. आपण मागितलं की त्यांना बी मागायला येतंय."

आणि ती खरंच निघायची. गरज नसताना शेजारच्या रूमवर जाऊन डबा मागायची. दुसऱ्या दिवशी परत द्यायची, पण रिकामा नाही. कधी शेंगाची चटणी, कधी मूठभर फुटाणे, काहीच नसलं तर चिमूटभर साखर.

हे तिच्या आईनं लावलेलं वळण. तुमच्या-आमच्या सगळ्यांच्या घरी आहे ते. रूमवर राहायला आलो की आपण विसरतो, एवढंच.

आठवड्यात समोरची मुलगी आपणहून आमच्याकडं इस्त्री मागायला आली. दिपाली नाचायचीच बाकी होती.

मग कॉलेजात स्टार्टअपची स्पर्धा झाली. तिनं स्टेजवर हाच प्लॅन सांगितला. बाहेरून आलेले एक परीक्षक हसून म्हणाले, "बेटा, याला मार्केटिंग नाही, भीक मागणं म्हणतात."

अख्खा हॉल हसला. आज स्टेटस ठेवणारे बरेच जण त्या हॉलमध्ये होते. मला चेहरे आठवतात.

मी काय केलं? गप्प बसले. उलट रूमवर येऊन तिलाच सुनावलं, की आता लाँच माझ्या पद्धतीनं होईल.

पोस्टरवर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'सगळं फुकट'.

ती नको म्हणत होती. "फुकट लिहू नको गं. फुकटचं नेत्यात, आणून देत न्हाईत. उसनं म्हणलं की ध्यानात ऱ्हातंय."

मी ऐकलं नाही. टेबलावर मांडायला वस्तू कमी पडत होत्या, म्हणून तिनं तेरहून आईचा कुकर आणला.

कॉलेजच्या गेटजवळ टेबल लावलं. दुपारच्या आत रिकामं. मी फोटो टाकला, 'सुपरहिट लाँच'.

परत आला एक ड्राफ्टर. तोही स्क्रू नसलेला.

वस्तू नेताना ॲपवर टाकलेली नावं काय, तर 'किंग', 'डॉन', 'भावी आमदार'. आम्ही गर्दी बघून हुरळलो, कुणाचं खरं नाव विचारलंच नाही. कुकर 'भावी आमदार' घेऊन गेलाय.

पुढं दोन महिने ती रूम-रूम हिंडली, स्वतःच्याच वस्तू मागत. एकानं दारातूनच सांगितलं, फुकट होतं ना, मग आता कशाला आलीस. त्या परीक्षकांचं बोलणं मी खरं करून दाखवलं होतं.

मग डेंग्यू झाला. चार दिवसांत गेली.

गेल्या आठवड्यात कॉलेजात पुन्हा तीच स्पर्धा होती. गेटवर तिचा फ्लेक्स, त्याला झेंडूची माळ. आत प्रमुख पाहुणे तेच परीक्षक. आणि स्लाइडवर काय, तर 'आस्क फर्स्ट मॉडेल'. ग्राहकाला आधी काहीतरी मागा, नातं तयार होतं, असं समजावून सांगत होते.

टाळ्या पडल्या. स्लाइडवर तिचं नाव कुठंही नव्हतं.

प्रश्नांसाठी फिरणारा माइक घेऊन मी उभी राहिले आणि म्हणाले, "सर, हे दिपालीचं आहे. तुम्ही याला भीक म्हणाला होतात." कुणीतरी माझा माइक बंद केला. सूत्रसंचालकानं चहाची सुट्टी जाहीर केली.

या वेळी मी गप्प बसले नाही. पण वर्षभर उशीर झाला.

आता माझंही सांगते. तिच्या घरचा एक स्टीलचा डबा वर्षभर माझ्याकडंच होता. परत द्यायला गेले तर काकूंच्या, म्हणजे तिच्या आईच्या, तोंडाकडं बघावं लागेल, म्हणून टाळत होते.

काल शेंगाची चटणी करून त्यात भरली आणि तेरच्या बसमध्ये बसले.

काकूंना कुकरचं विचारलं. म्हणाल्या, भात पातेल्यात बी होतोय, कुणाच्या तरी लेकराचं पोट भरत असंल त्या कुकरात. त्यांनी माफ केलं असेल. मी केलेलं नाही.

निघताना त्यांनी डबा घासून, पुसून, त्यात धपाटे घातले आणि माझ्याच हातात दिला. मी म्हणाले, काकू, हा तुमचाच आहे, परत द्यायला आणला होता.

"व्हय, माझाच हाय. उसना म्हणून घिऊन जा. परत द्यायच्या निमित्तानं तरी येशील."

बसमध्ये तेरपासून धाराशिवपर्यंत रडले.

तर भावी आमदार, कॉमेंटमध्ये फुलं वाहू नकोस. कुकर मलाही देऊ नकोस. तेरला जा, काकूंच्या हातात दे. आणि रिकामा नेऊ नकोस.

दिपे, चुकलं माझं.

डबा माझ्याकडं आहे. येत्या रविवारी भरून नेते.