डाव्या मुठीचा खळगा

चष्म्याच्या दुकानात आठवडाभर काचा घासणारे काका सुट्टीच्या दिवशी जुन्या माउंटन बाइक घासत बसायचे. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या गंजक्या सायकली आणायच्या, नव्यासारख्या करायच्या आणि हौशी माणसांना विकायच्या, हा त्यांचा नाद. "मला कधी डोक्याला तेल लावून दिलं नाहीत, त्या साखळीचे मात्र लाड!" असं काकू म्हणत.

एकदा एक बाई वारलेल्या भावाची सायकल घेऊन आल्या. "दारात दिसली की जीव तुटतो हो," म्हणत त्यांनी ती काकांना विकून टाकली. काका महिनाभर तिच्यावर खपले. रंग खरवडून नवा दिला, चाकं सरळ केली, हँडलच्या झिजलेल्या रबरी मुठी फेकून नव्या बसवल्या.

मग त्या बाई परत आल्या. "चुकलंच माझं. परत द्याल का?"

काकांनी मोठ्या उत्साहाने सायकल बाहेर काढली. बाईंनी हँडलवरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, "डाव्या मुठीला दादाच्या अंगठ्याने खळगा पडला होता. ती मूठ कुठंय?"

"फेकली," काका कसेबसे म्हणाले. "सायकल तरी न्या. पैसे नकोत."

"नको. ही दुसऱ्याच कुणाची तरी वाटते," म्हणून त्या गेल्या.

संध्याकाळी काकूंनी पाहिलं, तर काका सुट्या भागांचे डबे एकेक करून जमिनीवर पालथे करत होते. मुठी कचऱ्यात गेल्याचं काकांना पक्कं ठाऊक होतं.