अकरा गाण्यांची सात संकलनं

आधीच सांगून टाकतो. पुढे जे लिहिलंय त्यातलं खरं किती आणि माझ्या डोक्याने परस्पर जोडलेलं किती, याची मला खात्री नाही. वय अठ्ठ्याहत्तर. धातुशास्त्रात डॉक्टरेट आहे, पण दाराला कुलूप लावलंय की नाही हे आठवायला ती उपयोगी पडत नाही. मी जिन्यावरून दोनदा परत येऊन बघतो.

शिवाय किस्से भंगारासारखे साठतात. एक ठेवला की त्याच्या शेजारी दुसरा येऊन बसतो, आणि मग कुठला कुणाचा ते कळेनासं होतं. माझा मित्र पवार म्हणतो, टेम्पोचा किस्सा त्याचा आहे. असेलही. पण तो लिहीत नाही, मी लिहितोय!

तर, माझ्या आवडत्या पंक बँडचं नाव ‘नो-गो’. कारखान्यात भोकाचं माप तपासायला दोन टोकांचं गेज असतं. एक टोक आत जायला हवं, दुसरं जाता कामा नये. ते न जाणारं टोक म्हणजे नो-गो. बँडमधले चौघेही बेंगळुरातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गिअर कारखान्यातले. गायक मंजुनाथ तपासणी विभागात होता, ड्रम वाजवणारी रेणुका बोल्ट-नटांच्या स्टोअरमध्ये. उरलेले दोघे गिटार वाजवायचे आणि बोलायचे नाहीत.

निवृत्तीनंतर मी त्या कारखान्यात हीट ट्रीटमेंटचा सल्लागार म्हणून जात असे. जेवणाच्या सुट्टीत वरच्या मजल्यावर हे चौघे वाजवायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, कंप्रेसर फुटला. मी जिना चढून धावत गेलो. पाच मिनिटांनी लक्षात आलं की माझ्या डोक्यात पहाटेपासून चाललेली काळजी बंद पडली होती. तिला स्वतःचं बोलणंच ऐकू येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन वरच गेलो.

*

या बँडची एकूण गाणी अकरा. सगळी कन्नड, सगळी दीड मिनिटाच्या आत, कारण सुट्टी अर्ध्या तासाची आणि त्यात जेवायचंही असायचं. सर्वांत गाजलेलं गाणं ‘अ‍ॅडजस्ट माडल्ला’, म्हणजे ‘जुळवून घेणार नाही’. ज्या शहरात रिक्षावाल्यापासून दंतवैद्यापर्यंत सगळे ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी’ म्हणतात, तिथे हे गाणं म्हणजे बंडच.

आणि या अकरा गाण्यांची संकलनं सात! साधा आल्बम एकही नाही. पहिलीच सीडी काढली तिच्यावर लिहिलेलं, ‘निवडक नो-गो’.

मी मंजूला विचारलं, “अरे, आल्बम न काढता निवडक कसं काढलंस?”

मंजू माझ्याशी कन्नड आणि इंग्रजी मिसळून बोलायचा. त्याचं उत्तर मराठीत असं होतं: “सर, आधी सॅम्पल पास करून घ्यायचं. मग प्रॉडक्शन.”

प्रॉडक्शन कधीच झालं नाही.

*

आमची चाहत्यांची मंडळी तिघांची. मी, पवार आणि केतकी. पवारांचं घराणं चार पिढ्या बेंगळुरात. तो मला ‘अण्णा’ म्हणतो आणि मराठी वाक्य कन्नड हेल काढून संपवतो. केतकी पुण्याची, बेळ्ळंदूरला आयटीत. ती मला ‘काका’ म्हणते आणि तिची वाक्यं मधूनच इंग्रजीत शिरतात. मध्ये कुठेतरी आम्ही भेटतो.

पहिलं संकलन आल्यावर सहाएक महिन्यांनी मंजू स्कूटरवरून माझ्या घरी आला. खांद्याला कॅनव्हासची पिशवी.

“सर, रिव्हिजन बी आली. ए परत द्या.”

हे समजायला कारखान्याचा एक रिवाज माहीत हवा. ड्रॉइंगची नवी आवृत्ती निघाली की जुनी प्रत परत घेतात आणि तिच्यावर लाल शिक्का मारतात. नाहीतर कुणीतरी जुन्या मापाने पार्ट बनवून बसतो. मंजू आणि मंडळींना जन्मभर हीच शिस्त. त्यामुळे त्यांनी संकलनांनाही ए, बी, सी अशी अक्षरं दिली, आणि जुनी परत मागायला सुरुवात केली.

पवार म्हणाला, “हरवली की हो!” केतकीने तर सरळ सांगितलं, “नो वे. माझी आहे, मी नाही देणार.” गावात पन्नास सीडी गेल्या होत्या. एकोणपन्नास जणांनी हेच केलं असावं.

मी माझ्या संस्थेत वीस वर्षं कागदपत्र-नियंत्रण समितीवर होतो. मी आत गेलो, ए काढली, पुसली आणि दिली. वर मंजूकडून पोच मागितली.

मंजूने सीडी उलटसुलट करून पाहिली. “सर... तुम्ही खरंच देताय?”

जगात पंक बँडचा हुकूम पाळणारा मी पहिलाच असेन!

*

बी ऐकली. आत एक बदल-पत्रक चिकटवलेलं होतं. ‘गाणे ४: तिसरी किंचाळी काढली. कारण: ग्राहकाची तक्रार.’ तो ग्राहक म्हणजे रेणुकाची आई, हे पुढे कळलं.

पण माझं लक्ष भलतीकडेच होतं. ए मध्ये नवव्या गाण्यानंतर एक बारावं गाणं होतं. म्हणजे क्रमाने दहावं, पण अकरांच्या पलीकडचं. त्यात गिटार नाही, ओरडणं नाही. एक बाई हळू आवाजात आकडे म्हणते, ओंदु, एरडु, मूरु... आणि सदतीसला थांबते. बस. मला सगळ्यांत ते आवडलं होतं. एकटा असताना मी ते पुनःपुन्हा लावत असे.

बी मध्ये ते नव्हतं, आणि पत्रकात तसं लिहिलेलंही नव्हतं.

मी मंजूला गाठलं. “ते आकड्यांचं गाणं का काढलं?”

“कुठलं गाणं, सर?” डोळ्याची पापणीही हलली नाही.

पवारने त्याची ‘हरवलेली’ ए काढून लावली. अकरा गाणी. केतकीने लावली. अकरा.

“अण्णा,” पवार म्हणाला, “तुम्ही दुसरं कायतरी ऐकलात बघा. होतंय, वयाला होतंय.”

मालतीने, म्हणजे माझ्या बायकोने, निकाल दिला. “स्वप्नात ऐकलं असेल. तुमची स्वप्नंसुद्धा मोजमापाची!”

सगळे हसले. मीही हसलो. पण माझे वडील शेवटच्या दोन वर्षांत मला ‘पोस्टमन’ म्हणायचे. त्यांचीही सुरुवात अशीच झाली होती, न घडलेल्या एका लग्नाच्या आठवणीने. सगळे हसले त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. ते गाणं होतं, असं कुणीतरी सांगायला हवं होतं. आणि पुरावा मी स्वतःच्या हाताने, पोच घेऊन, परत केला होता.

*

मुलीने मला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण आणि घाईत. म्हणाले, “मी तीन शब्द सांगतो, लक्षात ठेवा. सफरचंद, खुर्ची, नदी.” मग पाच मिनिटं इकडचं तिकडचं विचारलं, घड्याळ काढायला लावलं. शेवटी म्हणाले, “आता ते शब्द सांगा.”

“सफरचंद, खुर्ची, नदी.”

“उत्तम!”

“डॉक्टर, चौथा होता का?”

“नव्हता.”

“नक्की?”

डॉक्टरांनी आपला कागद उचलून पाहिला.

*

प्रत्येक नव्या संकलनाची मी परीक्षेच्या निकालासारखी वाट बघायचो. निदान यात ते आकड्यांचं गाणं असेल. सी मध्ये नव्हतं. डी मध्ये तीच अकरा गाणी अकारविल्हे लावलेली. ई होसकोट्याला झालेल्या कार्यक्रमातून ‘निवडलेली’. गाणी किती निवडली? अकराच्या अकरा!

तो कार्यक्रम आयुधपूजेच्या, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्या, सकाळी एका कारखान्याच्या आवारात होता. यंत्रांना झेंडूच्या माळा, दारात फोडलेला कोहळा, आणि लॉरीच्या हौद्यात नो-गो. मालकांना वाटलं होतं भजनी मंडळ आहे. प्रत्येक गाणं संपलं की सुपरवायझर माइक ओढून घ्यायचा आणि सांगायचा, “गेटसमोर पांढरा टेम्पो कुणाचा आहे? ताबडतोब काढा!” अकरा गाणी, अकरा घोषणा. मंजूने त्याही सीडीवर ठेवल्या, कारण ‘रेकॉर्डमध्ये खाडाखोड करायची नसते.’ शेवटच्या दोन घोषणांत सुपरवायझरचा आवाज मंजूपेक्षाही सरस लागलाय. केतकी म्हणते, ट्रू पंक तोच.

टेम्पो बँडचा होता.

*

एफ चं प्रकाशन केतकीच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये ठरलं. रविवार, दुपारी तीन. बँड बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये अडकला. चार वाजले, साडेचार वाजले. श्रोते आम्ही तिघे आणि मालती, तीही समोशांसाठी आलेली. शेवटी केतकी म्हणाली, “काका, सीडी तरी लावूया.” लावली. मोठ्याने लावली.

पाच वाजता बँड ड्रम डोक्यावर घेऊन गेटवर पोचला. सुरक्षारक्षकाने अडवलं.

मंजू म्हणाला, “आम्ही बँड आहोत.”

रक्षकाने क्लबहाउसकडे बोट दाखवलं. “बँड तो अंदर बजा रहा है. आप लोग लेट हो.”

मंजू वाद घालत होता. रेणुका मात्र ड्रमवर बसून लक्ष देऊन ऐकत होती. आम्ही गेटवर पोचलो तेव्हा ती म्हणाली, “सर, बरे वाजवतात की हे!”

*

जी हे सातवं संकलन. त्यानंतर मंजूला तुमकूरला नोकरी लागली आणि बँड थांबला. एच निघालीच नाही, म्हणून जी तेवढी माझ्याकडे राहिली. रोज सकाळी चहाबरोबर मी ती लावतो.

चार वर्षांनी रेणुका मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन घरी आली. ती मूळची निपाणीची, मराठी चांगलं बोलते. मालतीने पोहे दिले. मी तिला विचारणार नव्हतो. पण विचारलं.

“रेणुका, पहिल्या सीडीत बाईच्या आवाजात आकडे होते ना?”

ती पोहे खाता खाता म्हणाली, “होते की. माझाच आवाज. गाणं कसलं सर, स्टोअरमध्ये बोल्ट मोजत होते. सदतीसला फोन वाजला.”

मी खुर्चीत मागे टेकलो. माझं डोकं ठीक होतं. इतकी वर्षं ठीक होतं!

“मग मंजू मला ‘कुठलं गाणं’ असं का म्हणाला?”

“तपासणीवाले सगळे तेच करतात हो. चांगल्या मालात एक खराब पीस मुद्दाम घालून ठेवायचा. तपासणारा खरंच बघतोय का झोपलाय, ते कळतं. आम्ही पन्नासांत एक सीडी तशी सोडली, कुणी खरंच ऐकतं का बघायला. ती तुमच्याकडे आली. पकडलीत तुम्ही! मंजू त्या दिवशी रडला, सर. कुणीतरी ऐकतंय म्हणून.”

“पण मला सांगायचं ना!”

“तपासणाऱ्याला सांगायचं नसतं. मग तो तेवढंच शोधत बसतो.” तिने बशी खाली ठेवली. “म्हणून तर पुढची सगळी खराब पीसं तुमच्याच सीडीत घातली.”

“पुढची?”

“बी पासून जी पर्यंत. सहा. तुम्ही त्यातलं एकही पकडलं नाहीत.”

मालती खो खो हसली. मी विचारलं, जी मध्ये काय होतं?

“अजून ऐकता ती?”

“रोज.”

“मग नाही सांगत,” असं म्हणून रेणुका पत्रिकेवर अक्षता ठेवून निघून गेली.

पुढच्या रविवारी केतकी तिची जी घेऊन आली. दोन प्लेअर शेजारी ठेवले आणि एकेक गाणं ताडून पाहिलं. सहाव्यापर्यंत काहीच फरक नाही. मग केतकीच्या सीडीत सातवं सुरू झालं. माझ्या सीडीत त्याआधी चार सेकंद शांतता होती, आणि त्या शांततेत एक म्हातारा दबक्या आवाजात विचारत होता, “मंजू, ते बारावं गाणं होतं ना रे?”

आवाज माझाच होता, मंजूने कधीतरी गुपचूप टिपलेला. हे मी चार वर्षं रोज ऐकत होतो. मला वाटायचं, चहा पिता पिता मीच बोलतोय. मालतीलाही तसंच वाटायचं. स्वयंपाकघरातून ती रोज सकाळी उत्तर द्यायची, “नव्हतं हो!”