सरळ आलेली रेघ

धाकटीला माफ करायचं नाही, हे थोरलीने ठरवलं तेव्हा ती पाव कापायच्या यंत्रासमोर उभी होती. त्याला तीन वर्षं झाली. एवढ्या काळात माणसं राग विसरतात म्हणे. विसरोत बापडी. थोरली त्यातली नव्हती, आणि मला विचाराल तर तिने का विसरावं?

दोघी सख्ख्या जावा. दोन भावांची मिळून एक बेकरी, पुढे दुकान, मागे भट्टी. दुकानाच्या काचेला लागून एक संगमरवरी टेबल होतं आणि लग्न होऊन आल्यापासून ते थोरलीचं होतं. रस्त्याने जाणारी माणसं काचेपाशी थांबून तिचा हात बघत राहायची. बटरपेपरचा तुकडा घ्यायचा, बोटांत गुंडाळून त्याचा कोन करायचा, टोक कात्रीने तिरकं कापायचं आणि क्रीम भरून केकवर वेल सोडायची. वेल, पाकळी, अक्षर, सगळं कागदाच्या कोनातून. क्रीमच्या पिशवीच्या तोंडाला लावायचं पत्र्याचं नोझल तिने आयुष्यात हातात धरलं नव्हतं. "पत्र्याला हाताचं मन कळत नाही," म्हणायची. नोझलची चकचकीत पेटी धाकटीने आणली होती, आणि ती वापरायचीही धाकटीच.

तर एका गिऱ्हाइकाच्या केकमध्ये नोझल निघालं. दाताचा तुकडा पडला. गिऱ्हाईक तोंडाला रुमाल लावून दुकानात आलं आणि त्याने सगळ्यांसमोर ते नोझल काचेवर आपटलं. थोरलीला डायबेटीस निघून तेव्हा जेमतेम काही महिने झाले होते. धाकटी पुढे झाली. तिचा आवाज गोड, त्या दिवशी तर पाकात बुडवून काढलेला.

"आमच्या ताईंचा दोष नाही हो," ती म्हणाली. "त्यांना शुगर आहे. हाताला कळत नाही काय पडलं ते."

झालं. बेकरीतल्या प्रत्येकाला माहीत होतं नोझल कोण वापरतं ते. दीर छताकडे बघत बसला. नवरा बिलाची वही चाळू लागला. थोरली म्हणाली, "माझ्या पायांना मुंग्या येतात, हातांना नाही. आणि मी कागदाने काम करते." पण गिऱ्हाईक तोवर 'शुगर आहे' एवढंच ऐकून मान हलवत होतं. दुसऱ्या दिवशी टेबल धाकटीचं झालं आणि थोरलीला मागे पाव कापायला बसवलं. वर सगळे म्हणाले, तेवढाच तुम्हाला आराम. असा आराम वैऱ्यालाही मिळू नये.

दुसऱ्या शहरात नोकरी करणाऱ्या लेकीने आईच्या दंडावर नाण्याएवढं एक बटण चिकटवलं, ते त्यानंतर. बटणाची बारीक सुई कातडीखाली बसते, रक्तातल्या साखरेची खबर फोनला देते आणि फोनवर रेघ उमटते. साखर चढली की रेघ वर, उतरली की खाली, आणि शेजारी एक बाण. खरी गंमत पुढेच. ती रेघ लेकीच्याही फोनवर दिसायची. थोरलीने चोरून बिस्कीट खाल्लं की फोन इशारा केकाटायचा आणि पाठोपाठ लेकीचा फोन यायचा.

"आई, काय खाल्लंस?"

"काही नाही गं."

"मग बाण जिना चढतोय का? खरं सांग."

"अर्धंच होतं. तुटलेलं. तुटलेलं कोण विकत घेणार?"

थोरली वैतागायची, तुझी आई आहे का चोर आहे म्हणायची. पण खरं सांगायचं तर तुटलेलं बिस्कीट ती कधीकधी मुद्दाम खायची. लेकीचा आवाज ऐकायला मिळायचा. बटण पंधरवड्याने बदलावं लागायचं, तेव्हा व्हिडिओवर लेक सांगायची आणि आई आरशात बघून लावायची. गोळ्या, रात्रीचं इंजेक्शन, जेवणानंतरचं चालणं, सगळं तिने रेघ बघून आखून घेतलं होतं. डॉक्टर म्हणाले, तुमचे डोळे तुम्हीच वाचवलेत. भाताने किती चढते आणि डाळीने किती, हे तिला तोंडपाठ झालं. मनातला राग मात्र कुठल्या रेघेवर दिसत नव्हता, म्हणून तो निवांत वाढत होता.

मग धाकटीने नवा केक काढला. बदामाची पूड, अंडी, आणि साखरेऐवजी कसलीशी पांढरी भुकटी. मैद्याचा कण नाही. दुकानावर पाटी लागली: 'डायबेटीस असणाऱ्यांनी पोटभर खा.' आणि धाकटी मागे आली, कधी नव्हे ती. पाव कापायच्या यंत्राला टेकून उभी राहिली.

"ताई, उद्या संध्याकाळी दुकानात माणसं बोलावलीत. तुम्ही सगळ्यांसमोर एक तुकडा खाऊन दाखवाल? तुमच्या फोनवरची रेघ आपण टीव्हीवर लावू. तुमच्यावर लोकांचा विश्वास बसेल."

ज्या आजाराचं नाव घेऊन हिने टेबल बळकावलं, त्याच आजाराला आता शोकेसमध्ये मांडणार होती. थोरली हसून म्हणाली, "खाईन की."

तिने तुकडा आदल्या दिवशीच मागून घेतला. दुपारी घरी बसून लेकीला फोन लावला. "आता बघ, तुझ्या काकूचं पितळ कसं उघडं पडतं ते." आणि खाल्ला. दोघी आपापल्या फोनवर टक लावून बसल्या. पाव तास झाला, अर्धा तास झाला. रेघ जराशी हलली आणि सरळ चालू लागली. तास उलटला तरी सरळ.

लेक आनंदाने ओरडली. "आई! सरळ आहे! अगं, तू केक खाऊ शकतेस! तुझ्या वाढदिवसाला मी येते, आपण हाच कापू."

"हो," थोरली म्हणाली आणि फोन ठेवला. केक चवीलाही चांगला होता, हे तर तिला अजिबात सहन झालं नाही. उद्या आपलाच दंड धाकटीची जाहिरात करणार. त्या बाईने एकदा खोटं बोलून जिंकलं, आता खरं बोलून जिंकणार. म्हणजे थोरलीने हरायचं तरी किती वेळा?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकान भरलं. एक निवृत्त मास्तर बायकोला धरून घेऊन आले होते, तिला वीस वर्षांचा डायबेटीस. धाकटी नवी साडी नेसून सगळ्यांना कॉफी देत होती. थोरली म्हणाली, "हात धुऊन येते," आणि मागे गेली. केकचा स्पंज ओला करायची पाकाची बाटली फळीवर होती. तिने झाकण काढलं आणि भांडंभर पाक ओतून घटाघटा प्यायली. तीन वर्षांत एवढं गोड तिच्या घशाखाली उतरलं नव्हतं. तोंड धुतलं, पदर सारखा केला आणि बाहेर येऊन सगळ्यांसमोर केकचा तुकडा खाल्ला. सावकाश, चावून चावून.

टीव्हीवर रेघ सरळ होती. धाकटी माणसांना बदामाचे गुण सांगत होती. मग पाव तासाने रेघेने मान वर केली. बाण तिरका झाला, बघता बघता उभा झाला. धाकटी बोलता बोलता अडखळली. एकशे ऐंशी, दोनशे वीस.  तेवढ्यात फोन वाजला, टीव्हीवर 'लेक' अशी अक्षरं उमटली आणि थोरलीने स्पीकर लावला.

"आई, काय खाल्लंस? बाण सरळ वर आहे! तू ठीक आहेस ना? आई, बोल!"

"काकूचा केक खाल्ला गं," थोरली म्हणाली.

पलीकडून फोन कट झाला. इकडे मास्तरांची बायको हातातली बशी ठेवून उठली. "आम्हाला मारायला निघालात का?" मास्तर ओरडले. धाकटी रडकुंडीला आली. "शपथेवर सांगते, साखर घातली नाही हो!" दीर छताकडे बघू लागला, त्याची ती सवयच. आणि थोरलीने धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला. हे वाक्य तिने तीन वर्षं पाव कापता कापता घोळवलं होतं.

"हिचा दोष नाही हो," ती गोड आवाजात म्हणाली. "हाताला कळलं नसेल काय पडलं ते."

धाकटीने वर पाहिलं. तिला कळलं. ते तिच्या डोळ्यांत दिसलं, आणि थोरलीला इतका आनंद झाला की पायातल्या मुंग्याही क्षणभर थांबल्या.

पाटी त्याच रात्री उतरली. आठवड्याभरात धाकटी पाव कापू लागली आणि संगमरवरी टेबल परत थोरलीकडे आलं. नवरा म्हणाला, "शेवटी खरं ते वर आलंच." तिने कोनाचं टोक कात्रीने तिरकं कापलं.

लेकीचा फोन मात्र त्या रात्रीच आला होता.

"आई, केक कालचाच होता ना?"

"हो."

"काल रेघ सरळ होती. आज केकच्या आधी काय घेतलंस?"

थोरलीने खोटं बोलून पाहिलं नाही. लेकीशी खोटं बोलून उपयोगही नव्हता, तिच्याकडे रेघ होती. "पाक," ती म्हणाली.

"उद्या सगळ्यांना सांगशील?"

"नाही. माझ्यावर आळ आला तेव्हा कुणी काही तपासलं होतं?"

"तेव्हापासून तुझी रेघ मी तपासत आले, आई. रोज. आज मी ऑफिसातून रडत बाहेर पळाले, तू मरतेस की काय म्हणून. आणि तू मला स्पीकरवर लावलंस."  मग म्हणाली, "मी काकूच्या बाजूने नाही. पण यापुढे तुझी रेघ मला बघवणार नाही."

थोरलीला वाटलं, रागात बोलते आहे, दोन दिवसांत येईल ताळ्यावर. पोटची पोर आहे, जाईल कुठे?

आता ती रोज काचेपाशी बसते. हात पूर्वीसारखाच आहे, जरा जास्तच देखणा झाला आहे. माणसं थांबून बघतात. मागून यंत्राचा खाडखाड आवाज येतो आणि तो ऐकून तिला अजूनही बरं वाटतं, अगदी खोटं कशाला सांगा. परवा वाढदिवस होता. लेकीचा दोन ओळींचा निरोप आला, लेक आली नाही. थोरलीने हातातला कोन खाली ठेवला, बोटभर क्रीम काढून चाटलं आणि फोन टेबलावर समोर ठेवला. रेघ चढू लागली. बाण तिरका झाला. फोनने आपला ठरलेला इशारा केकाटून दिला आणि थांबला. तिने पुन्हा बोट भरलं, या वेळी जास्त. बाण उभा झाला.

"आता करेल फोन," ती म्हणाली, आणि तिसऱ्यांदा बोट क्रीममध्ये बुडवलं.