पोळ्याला रंगवलेली गाढवं

खुनाच्या तपासांतले बारकावे वयोमानानं पुसट झाले, पण गाढवांनी भरलेला तो ट्रक मला अजून जसाच्या तसा आठवतो. हसू नका. तेव्हा आमचं अख्खं ठाणंही हसलं होतं.

निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना मी हिंगणघाट तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमची बंदोबस्ताची वाटणी चालली होती, तेवढ्यात वणा नदीकाठच्या वस्तीतली एक विधवा बाई फिर्याद द्यायला आली. वीटभट्टीवर माती वाहणाऱ्या तिच्या दोन गाढवी चोरीला गेल्या होत्या, त्यातली एक गाभण. पावसाळ्यात भट्ट्या बंद, म्हणून ही वस्ती जनावरं मोकळी चरायला सोडते.

आमचे जमादार माझ्या कानाशी लागले. "साहेब, गाढवासाठी गुन्हा दाखल केला तं वरचे आपल्यालेच गाढव म्हनतीन."

बाईनं ते ऐकलंच. "म्हनू द्या! भट्टीवाला दारातलं जनावर पाहूनच कामावर घेते. जनावर नाई तं मी काय सोता पाठीवर माती वाहू? अन् उद्या पोळा हाय साहेब."

"बाई, पोळा बैलांचा असतो."

"ज्याच्या घरी बैल त्याले बैलाचा. आमचा गाढवाचाच असते. धुतो, रंगवतो, पुरण चारतो. त्या दिवशी त्याच्या पाठीवर चिमूटभर ओझं टाकत नाई."

जन्म या जिल्ह्यात गेला आणि हे मला ठाऊक नव्हतं. मी फिर्याद नोंदवून घेतली आणि जमादारांना गप्प बसवलं.

नसत्या चौकशा करण्याची मला मुळातच खोड. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "साहेब, दर पशुगणनेत घोडे, गाढवं, खेचरं खाली खालीच चाललीत. यंत्रं आली, जनावर गेलं." घोड्याचं मला पटलं. मी भरती झालो तेव्हा वर्धा स्टेशनबाहेर टांग्यांची रांग असायची. आता घोडी दिसते ती नवरदेवापुरती. पण पावसाळा सरला की भट्ट्या तर दरवर्षी पेटतच होत्या, अरुंद वाटेनं माती अजून गाढवच वाहत होतं. मग ती जातात कुठं? वस्तीत मेलेलं गाढव कोणी पाहिलं म्हणावं तर तेही नाही.

पोळ्याच्या बंदोबस्तावर फिरताना मी दिसेल त्याला विचारत सुटलो. गावोगावी एकच उत्तर. "चराले गेलती, आलीच नाई. अन् आता गाढवं राह्यलीच कुठं साहेब!" तक्रार मात्र एकाचीही नाही. सगळे हे असं सांगत होते, जसं विहिरीचं पाणी खाली गेल्याचं सांगावं.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल घेऊन रस्त्यावर, आणि आम्ही त्यांच्या मागे. तेवढ्यात वडनेरजवळच्या हायवेवरच्या चहावाल्याचा फोन आला.

"साहेब, माह्या टपरीसमोर एक ट्रक उभा हाय. डायवर म्हनते आत कांदे हायेत. अन् कांदे रेकून राह्यले!"

आम्ही पोचलो तेव्हा ट्रक निघायच्या बेतात होता. ड्रायव्हरनं लगेच सूर बदलला. "साहब, राजस्थान के मेले से खरीदे हैं। कई दिन से रास्ते में हैं।" पावत्याही पुढे केल्या, एकदम चोख. मी पंचांना बोलावून ताडपत्री सोडायला लावली. आत गाढवं कोंबून भरलेली, पाय आखडलेली, तोंडाला फेस. आणि एकूण एक जनावर रंगवलेलं! मागच्या पुठ्ठ्यावर गेरूचा पंजा, त्याखाली चुन्याचे ठिपके, कपाळावर हळद-कुंकू. मी बोट फिरवलं तर गेरू बोटाला लागला.

"का रे," मी म्हटलं, "राजस्थानात पोळा कधीपासून भरायला लागला?"

त्यानं पुढे केलेल्या पावत्या हळूच मागे घेतल्या.

मुद्देमाल ठाण्याच्या आवारात बांधला. वरच्या साहेबांशी मी फोनवर बोलत होतो आणि मुद्देमाल सुरात ओरडत होता. हसू आवरताना जमादारांची पुरेवाट झाली. बाईला ओळख पटवायला बोलावलं. ती फाटकातून आत आली तशी गाभण गाढवीनं कान टवकारले. बाई तिच्या गळ्यात पडून रडली. मग तिची नजर पुठ्ठ्यावर गेली आणि तिनं गळ्यातले हात काढून घेतले.

"काय झालं बाई?"

चुन्याच्या ठिपक्यांवर बोट ठेवून ती म्हणाली, "नाव सांगतलं तं घर तुटते साहेब. नाई सांगतलं तं पोट."

मी घाई केली नाही. माणूस स्वतःशी भांडत असतो तेव्हा पोलिसानं मध्ये पडू नये, असं माझं मत आहे. शेवटी तिनंच सांगितलं. पंजाखाली ठिपके द्यायची रीत तिच्या सासऱ्याची. वस्तीत बाकीचे पट्टे ओढतात. सासरा गेला, नवरा गेला, तो हात उरला होता फक्त धाकट्या दिराकडे.

दिराला आणलं. काटक, नम्र माणूस. गाढवं? पाहिलीच नाहीत. ट्रक? माहीत नाही. जमादारांनी दरडावलं, मी समजावलं, गडी जागचा हलेना. मग मी चहा मागवला आणि सहज विचारलं, "पोळ्याला जनावरांना पुरण मिळालं की उपाशीच ठेवलीस?"

"उपाशी काऊन ठेवीन!" तो उसळला. "पोळ्याच्या दिवशी जनावर उपाशी..." आणि तिथंच थांबला.

मग सगळंच बाहेर आलं. मांसाला आणि कातड्याला मागणी असल्याचं एका दलालानं त्याला सांगितलं होतं. आधी त्यानं स्वतःची विकली, मग दुसऱ्यांची उचलायला लागला. शेतातल्या गोठ्यात जमवायची आणि ट्रक आला की भरायची. या खेपेला ट्रक यायला पोळा उलटला. "सकाळी कापाले जानार हे मले मालूम होतं," तो म्हणाला. "पण बिनारंगाची कशी ठेवू? बापानं कधी ठेवली नाई."

"इतके दिवस पकडला कसा गेला नाहीस?"

"कोनी शोधतच नाई साहेब. सारे म्हनते, गाढवं कमी झाली."

त्या वाक्यानं मला माझ्या खात्यापेक्षा जास्त शिकवलं. एखादी गोष्ट कमीच होत जाणार असं सगळ्यांनी एकदा मान्य केलं की तिच्या चोराला रान मोकळं मिळतं. तेव्हापासून कोणी "कमी झालं" म्हटलं की मी विचारतो, कोणी केलं?

बाईच्या गाढवी सुपूर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करायच्या अटीवर, तिला परत मिळाल्या. आधीच्या ट्रकांतून गेलेली गाढवं मात्र कुणालाच मिळाली नाहीत.

पुढच्या पोळ्याला मी मुद्दाम वस्तीत गेलो. गाढवीजवळ तिचं शिंगरू उड्या मारत होतं. जामिनावर सुटलेला दीर दूर कडुनिंबाखाली उभा होता, त्याच्याकडे कोणी पाहत नव्हतं. बाईनं पट्टे ओढून पाहिले, पुसले, परत ओढले. मग गेरूची आणि चुन्याची वाटी उचलून त्याच्यासमोर नेऊन ठेवली.

"रंगव," ती म्हणाली. "सासऱ्याचा हात तुह्यातच उतरला. पण दावं माह्या हातात राहीन."

तो खाली मान घालून पुढे आला. त्याचे ठिपके देऊन होईपर्यंत तिनं दाव्यावरची मूठ सैल केली नाही.