आधी झोपून पाहणारे चाचा

कादर पिंजारी गादी शिवून झाली की सगळ्यांदेखत तिच्यावर आडवे होत. डोळे मिटून आधी पाठीवर, मग या कुशीवर, मग त्या. नवख्याला वाटे, म्हातारा दमला. कधी कधी ते चक्क घोरू लागत, आणि मग गादी झकास झाली असं आम्ही समजून चालायचो. सारं मेडशी गाव त्यांना चाचा म्हणे.

दर उन्हाळ्यात ते पिंजायची कमान खांद्यावर टाकून आमच्या अंगणात येत. कापसाला हात लावण्याआधी चौकशी सुरू. झोपणार कोण, कूस कोणती, पाठ दुखते का. माझ्या आत्याला याचा भारी राग. पिंजाऱ्याला कशाला हव्यात या पंचायती, असं ती एकदा म्हणालीसुद्धा. चाचा तार ताणत म्हणाले, "दिवसभर मानसापाशी कोनी ना कोनी असते, बाई. रातच्याले गादीच असते." आत्या लहानपणीच विधवा झालेली, त्या काळच्या रिवाजाप्रमाणे ती घोंगडीवर निजे. ती उठून आत गेली. चाचांची कमानही मग बराच वेळ वाजली नाही.

माझं लग्न ठरलं तेव्हा रुखवताची गादी अर्थातच त्यांच्याकडे. शिवून झाली, चाचांनी टोपी काढून ठेवली, तोच आत्या मध्ये पडली. नव्या जोडप्याच्या गादीवर आधी दुसऱ्या कुणी अंग टाकायचं नाही, अपशकुन होतो. चाचांनी वाद घातला नाही. गादी गुंडाळून ते तिथंच बसून राहिले. वडिलांनी समजावलं, मग चिडले. चाचांचं एकच, "पाह्यल्याबिगर देली तं मले घरी झोप येनार नाई, मालक. तुमी दुसरा पिंजारी पाहा." बोलताना त्यांचा चेहरा उतरला होता. हातातलं काम सोडून जायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, गादी माझी, मीच झोपून पाहते. आत्यानं कपाळाला हात लावला, पण अडवायला तिला कारण सापडेना. मी लाजत आडवी झाले. चाचांनी पाठ फिरवली आणि तिकडे तोंड करूनच विचारलं, "डोये मीट, माय. आता सांग, कुठी रुतून राह्यलं?"

डाव्या खांद्याखाली गाठ होती. मी सांगितली. टाके उसवून त्यांनी सगळा कापूस पुन्हा पिंजला आणि मला पुन्हा झोपवलं. या खेपेला मला खरंच डुलकी लागली. उठले तेव्हा चाचा हसत होते. आपल्या कामावर इतकं तृप्त झालेलं माणूस मी नंतर फारसं पाहिलं नाही.

जाताना उरल्या कापसाची एक लहानशी पातळ गादी शिवून त्यांनी ओट्यावर ठेवली आणि आत्याला म्हणाले, "घोंगडीखाली टाका. कोनाले दिसत नाई." आत्यानं तिला हातसुद्धा लावला नाही.

पुढे काही वर्षांनी मी माहेरी आले असताना चाचा गेल्याचं कळलं. मला रडू आवरेना. आत्या उठली, खोलीत गेली आणि ती पातळ गादी घेऊन अंगणात आली. निजून निजून ती पोळीसारखी चपटी झाली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी तिनं ती उन्हात पसरली आणि संध्याकाळपर्यंत काढली नाही.