हे माझ्या जवळ यायला घाबरतात

रिक्षा उलटून माझा कणा मोडला. तेव्हापासून छातीखाली मला काहीच कळत नाही. आधी मी उधन्यातल्या शाळेत मराठी शिकवायचे. आता कूस बदलायलाही यांची वाट बघते. बँकेतून आले की लघवीची पिशवी, अंघोळ, सगळं हेच करतात. नवरा म्हणून मात्र जवळ येत नव्हते.

एका रविवारी दुपारी सासूबाई भजनाला गेल्या. मीच यांचा हात धरून ठेवला.

"तुला काही झालं तर?"

"आता काय व्हायचं राहिलंय?"

हे जवळ आले, आणि थोड्याच वेळात डोकं फुटेल असं दुखायला लागलं. चेहरा घामाने थबथबला. हे घाबरले. मला तसंच आडवं ठेवून वारा घालत राहिले. बऱ्याच वेळाने दुखणं उतरलं, पण तेव्हापासून हे खाली गादी टाकून झोपू लागले. माझे कपडे बदलतानाही दुसरीकडे बघायचे.

नेहमीच्या डॉक्टरांना विचारलं, तर मी समोर असताना ते यांना म्हणाले, "जीव वाचला ना? आता हे कशाला हवंय?" मी रिक्षात घरापर्यंत रडले. मेले असते तर बरं, असं पहिल्यांदा वाटलं ते त्या दिवशी.

तरी हट्टाने मणक्याचे पेशंट बघणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या माझ्याशी बोलल्या.

"तुमचं बीपी एकदम चढलं होतं. लघवीची नळी दबली किंवा लघवी तुंबली की असं होतं. आधी पिशवी रिकामी करा, नळी चिकटपट्टीने बाजूला लावा, दुमडू देऊ नका. डोकं दुखलं की तिथेच थांबायचं. " मग माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "यांना उठवून बसवा, पाय खाली सोडा, नळी तपासा. उतरलं नाही तर लगेच दवाखाना. नंतर कातडीवर लाल डाग आहेत का बघा. आणि दिवस राहू शकतात, त्याचंही बघायला हवं."

"म्हणजे मी हिला इजा केली नव्हती?" यांनी विचारलं.

पुढच्या रविवारी सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. मानेपाशी, कानामागे मला अजून सगळं कळतं. तिथे यांचे ओठ लागले आणि मला रडू आलं. डोकं दुखलं नाही. पण हे सारखे विचारत होते, "दुखतंय का? थांबू का?" शेवटी थांबलेच.

आता काय करायचं ते दोघांनाही माहीत आहे. तरी दर वेळी मलाच मागावं लागतं. हे नाही म्हणत नाहीत. नुसते नळी तपासत बसतात.