चार आले जाळ्यात

काल लेकीने मोबाइलवर स्वीडनच्या एका आइस हॉकी गोलकीपरचा शेवटचा सामना दाखवला. खेळ संपल्यावर त्याने मुखवटा काढला, गोलच्या जाळीवरून एकदा हात फिरवला. इतक्या वर्षांत त्याने अडवलेल्या गोलांसाठी सगळं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं. मी मात्र त्या जाळीकडे बघत राहिले.

डहाणूच्या शाळेत मीही हॉकीची गोलकीपर होते. आमच्याकडे बर्फ कुठला, मैदानात तांबडी धूळ आणि पायाला क्रिकेटचे फाटके पॅड. आई एकदाच सामना बघायला आली, मासळी विकून बाजारातून थेट. रिकामी टोपली शेजारी ठेवून कुंपणापाशी बसली. वाऱ्यावर तिच्या लुगड्यातून सुक्या बोंबलांचा वास येत होता, आणि तो मैत्रिणींना येऊ नये असं मला वाटत होतं.

पहिला गोल माझ्या पायांमधून गेला. आईने टाळ्या वाजवल्या. दुसऱ्याला ती उठून उभी राहिली. चौथ्याला मुली तिच्याकडे बघून हसायला लागल्या.

धाकटी डहाणूला, आमच्या कोळीवाड्यात, परतताना आई खुशीत होती. म्हणाली, "तुझ्या जाल्यात चार आले. त्यांच्या जाल्यात एक पन नाय."

जन्मभर जाळं भरायची वाट बघितलेल्या बाईला जाळं रिकामं राखायचा खेळ कुठून कळणार? मी रागाने दहा पावलं पुढे चालत राहिले.

आता आई नाही. माझ्या सुटलेल्या गोलांसाठीही कोणीतरी उभं राहिलं होतं, आणि मी घरापर्यंत मागे वळून पाहिलं नाही.